एकेचाळीस दिवसांचं पाणी

संस्थेत नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगे, "तळघरात बाटलीमामा आहेत. जरा जपून." मग तो नवीन माणूस जिना उतरताना उगाचच नाक वर करून वास घ्यायचा. वास यायचा तो ओल्या भुशाचा आणि वाफेचा. मामांनी जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. त्यांच्या बाटल्या उंदरांच्या होत्या.

पांढऱ्या उंदरांच्या खोलीत त्यांनी सतरा वर्षं काढली. खिडकी नसलेली खोली. तिथे दिवस उगवायचा तो भिंतीवरच्या घड्याळी बटणाने आणि मावळायचाही त्यानेच. फडताळांवर पिंजरे, पिंजऱ्यांना जाळीची झाकणं, झाकणात उलटी टेकवलेली पाण्याची बाटली, बाटलीच्या तोंडाला पोलादी नळी आणि नळीच्या टोकाशी एक बारीक गोळी. उंदराने जिभेने गोळी ढकलली की थेंब सुटतो. बाकीचे लोक बाटली भरलेली दिसते की नाही एवढंच बघत. मामा मात्र रोज सकाळी एकेक बाटली तराजूवर ठेवत आणि कालच्यापेक्षा किती ग्रॅमने हलकी झाली ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "आजारी माणूस आधी काय सोडतो? खाणंपिणं सोडतो. उंदीर काय निराळा?" एवढंच त्यांचं म्हणणं. सहा उंदरांचा पिंजरा दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम पाणी पितो, हे त्यांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

पण आता नऊ वर्षं झाली, मामांनी उंदराला हात लावलेला नव्हता. ते धुण्याच्या खोलीत होते. वरच्या प्रयोगशाळांची काचेची भांडी, उंदरांचे रिकामे पिंजरे, खरडायचा भुसा, गरम पाणी आणि शेजारी भांडी जंतुमुक्त करायची वाफेची भट्टी. हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले. आणि मनात एकच माणूस.

तो माणूस म्हणजे सर, विभागाचे प्रमुख.

नऊ वर्षांपूर्वी सरांनी एक मोठा प्रयोग मांडला होता. रक्तात राहणारा एक परजीवी, डोळ्यांना न दिसणारा, त्यांनी आठ पिंजऱ्यांतल्या अठ्ठेचाळीस उंदरांना टोचला. चार पिंजऱ्यांना निळी चिठ्ठी, म्हणजे साधे उंदीर. चार पिंजऱ्यांना पिवळी. पिवळ्या उंदरांच्या पेशींना एक द्रव्य जन्मापासूनच बनवता येत नव्हतं. ते द्रव्य काय करतं, हे मामांना तेव्हा कोणी सांगितलं नाही. सरांचा अंदाज असा, की ते द्रव्य नसलेले उंदीर परजीवीचा चटकन फडशा पाडतील आणि टुणटुणीत राहतील.

फडशा त्यांनी पाडलाही. शेपटीतून काढलेल्या रक्ताच्या थेंबात निळ्यांपेक्षा पिवळ्यांमध्ये परजीवी फारच कमी दिसत. आणि तरीही पंधराव्या दिवसापासून पिवळे मरू लागले. केस पिंजारलेले, पाठीला कुबड, डोळे खोल गेलेले. चोविसाव्या दिवशी पिवळा एकही उरला नाही.

त्या दिवशी सर धुण्याच्या खोलीत आले, कारण मामा तेव्हा तिथे बाटल्या भरत होते. आणखी पाच माणसं कामाला होती. सरांनी एक मेलेला उंदीर शेपटीने धरून आणला होता. त्याच्या मानेवरची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"हे कशाचं लक्षण?"

"अंगातलं पाणी कमी झाल्याचं, सर. पण बाटल्या तर..."

"रक्तात परजीवी नाही आणि उंदीर मेला. मग कशाने मेला? लाजेने?"

पाचांतले दोघे हसले. कोण हसलं ते मामांनी पाहिलं नाही, पण आवाज लक्षात ठेवले.

सर त्यांच्याकडे न बघता बाकीच्यांना म्हणाले, "सतरा वर्षं झाली. याला साधं उंदराला पाणी देता येत नाही."

तोवर सर त्यांना 'तुम्ही' म्हणत. मामा धावत जाऊन निळी वही घेऊन आले. सरांनी ती उघडलीसुद्धा नाही. ओल्या ओट्यावर टाकली आणि म्हणाले, "हे काल घरी बसून लिहिलं असेल. उचल."

मेलेले उंदीर दुपारी जाळायला गेले. एकाचंही पोट कोणी कापून पाहिलं नाही. सरांनी स्वतःच्या नोंदवहीत त्या प्रयोगावर लाल रेघ मारली आणि लिहिलं, 'दुर्लक्षामुळे रद्द'. निळ्यांच्या नोंदी मामा एकेचाळिसाव्या दिवसापर्यंत करत राहिले. त्यानंतर सूचनाफलकावर कागद लागला: निष्काळजीपणाबद्दल उंदरांच्या खोलीतून धुण्याच्या खोलीत बदली, बढती थांबवली. चार टाचण्यांनी लावलेला तो कागद पंधरा दिवस तिथे होता. मामांनी घरी सांगितलं नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या बायकोकडून त्यांच्या बायकोला कळलं, तेही भाजी घेताना, चार बायांदेखत.

तेव्हापासून मामांनी डूख धरला.

माणूस भित्रा. वरच्या आवाजात बोलायची सवय नाही. त्यामुळे सगळं आतल्या आत. धुण्याच्या खोलीतल्या काचेच्या भांड्यांनी सरांबद्दल जे ऐकलं ते कोणी ऐकलं नसेल. घासता घासता मामा पुटपुटत: सर जिन्यावरून घसरले आहेत, मामांना हाक मारताहेत, आणि मामा त्यांना ओलांडून पुढे जाताहेत. किंवा सर आजारी आहेत, पाणी मागताहेत, आणि मामा म्हणताहेत, थांबा, आधी तराजू आणतो. अशी पन्नासेक चित्रं होती. रोज एखादं नवीन.

भांड्यांत मात्र त्यांनी कधी खोट केली नाही. उलट सरांची भांडी ते दोनदा धुवत. एक डाग राहिला, आणि सर पुन्हा एकदा 'याला जमत नाही' म्हणाले, तर? ती संधी त्याला द्यायची नाही, हाही सूडच होता. प्रकृती बिघडली तेव्हा मुलीने सांगितलं, बाबा, आता सोडा नोकरी. मामा म्हणाले, "तो गेल्यावर." जन्मतारखेने त्यांच्यावर एवढी एक मेहेरबानी केली होती: सर निवृत्त होणार होते त्यानंतर बरोबर एका महिन्याने मामा.

घरी बायको कधीकधी त्यांच्या तोंडाकडे बघत राही. "अहो, जेवताय की कोणाला चावताय?"

सर जायला दोन महिने राहिले असताना एक दिवस मॅडम तळघरात उतरल्या. या मॅडम त्या प्रयोगाच्या वेळी सरांच्या हाताखाली शिकणारी पोर होत्या. आता वर त्यांची स्वतःची खोली होती, आणि सरांच्या जागी त्याच येणार असं सगळे धरून चालले होते. फक्त सरांनी शिफारशीच्या कागदावर सही करायची राहिली होती. मामांशी त्या अजून पोरीसारख्याच बोलत.

"मामा, हात पुसा. बातमी आहे." त्यांनी छापील कागद ओट्याच्या कोरड्या टोकाला ठेवले. "लांबच्या एका प्रयोगशाळेने छापलंय. तोच परजीवी, तसेच उंदीर. तुमचे पिवळे तहानेने नाही मेले."

"मला काय सांगता? मी नऊ वर्षं तेच म्हणतोय."

"आता कशाने मेले तेही कळलं. जिंकले, आणि जिंकून मेले."

मामांनी नळ बंद केला.

"परजीवी अंगात शिरला की पांढऱ्या पेशी धावून येतात," मॅडम म्हणाल्या. "एकमेकींना चेतवतात, जाळणारी द्रव्यं सोडतात. त्याने परजीवी मरतो, पण आजूबाजूचं आपलंच मांसही पोळतं. म्हणून आवर घालायचीही सोय असते. काही पेशी एक वेगळं द्रव्य सोडतात. त्याचा निरोप एवढाच: आता पुरे. आणि गंमत बघा, पुष्कळदा लढणारी पेशीच लढता लढता ते द्रव्य सोडायला लागते. मारणारीही तीच, आवरणारीही तीच."

"आणि पिवळ्यांकडे ते द्रव्यच नव्हतं."

"नव्हतं. परजीवी संपत आला तरी यांच्या पेशी थांबेनात. यकृत, आतडी, सगळं भाजून निघालं. असा उंदीर समोर पाणी असूनही पीत नाही. म्हणून कातडी तशी."

"आणि निळे?"

"निळ्यांनी वेळेवर आवरलं. त्यामुळे थोडे परजीवी अंगातच राहिले, जन्मभरासाठी. पण उंदीर जगले."

"म्हणजे घरात चोर ठेवून झोपले."

"तसं म्हणा."

"मला पिवळेच बरे वाटतात," मामा म्हणाले. "अर्धवट तरी सोडलं नाही."

मॅडम हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की मामा विनोद करत नव्हते.

दोनच दिवसांनी सर स्वतः खाली आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ओल्या फरशीवर पाय कुठे ठेवावा ते त्यांना समजेना. मामांनी पिंजरा घासणं थांबवलं नाही.

"काय मामा, कसं काय? बरं, ती तुमची वही आहे का हो अजून?"

"कुठली वही, सर?"

"ती... बाटल्यांची."

"घरी बसून लिहिलेली?"

भट्टीवाला भट्टीच्या दाराआड वाकला आणि उगाच खाटखूट करू लागला.

सरांनी घसा साफ केला. "हे बघा, त्या लोकांनी जे आता छापलं ते आपण नऊ वर्षं आधी पाहिलं होतं. रक्तातले आकडे माझ्या नोंदवहीत आहेत. पण कुठला उंदीर कधी मेला, कधी पाणी कमी प्यायला, ते तुमच्याकडेच. तुमची वही जोडली की ती लाल रेघ आपोआप पुसली जाते. मी जायच्या आत हे छापून आलं तर आपलं नाव होईल."

"आपलं," मामा म्हणाले. कडू गोळी चुकून चावली जावी तसा तो शब्द त्यांच्या तोंडात फिरला. "देतो की. पण अशी नाही द्यायची. इथे, याच खोलीत, तेव्हाचे पाच जण बसतील. त्यांच्यासमोर तुम्ही वही मोठ्याने वाचायची. पहिल्या दिवसापासून एकेचाळिसाव्यापर्यंत. एक ओळ गाळायची नाही."

"अहो, त्या पाचांतला एक वारला."

"त्याचं स्टूल ठेवू. आणि मग सूचनाफलकावर कागद. तुमच्या सहीचा. मागचा पंधरा दिवस होता, हाही पंधरा दिवस राहील."

"मामा, फार मनात ठेवलंत तुम्ही."

"दुसरं काही ठेवायला दिलं नव्हतंत."

भित्र्या माणसाच्या तोंडून एवढं निघालं. मग पुढचा पिंजरा ओढून ते तो घासू लागले. सर 'बरं' म्हणाले आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेले.

"मामा," भट्टीवाला बाहेर येत म्हणाला, "मी तेव्हा हसलो होतो. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आवाजावरून ठाऊक आहे."

"मग मला काय शिक्षा?"

"पुढच्या रांगेत बस."

वही घरी शिवणयंत्राच्या खणात होती, बायकोच्या रिळांखाली. मागच्या पुठ्ठ्यावर ओल्या ओट्याचा डाग तसाच होता. संध्याकाळी मामा टेबलाशी बसून एकेक पान उलटू लागले. बायको समोर बसून ऐकत होती.

"तेरावा दिवस वाचा बघू," ती म्हणाली.

मामा थांबले. तेरावं पान तिला का आठवलं, ते त्यांना ठाऊक होतं. बाराव्या दिवशी, रविवारी, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रविवारी सगळ्या नळ्या वाफेच्या भट्टीतून काढून बदलायच्या असत. मामांनी सकाळी बाटल्या तोलल्या, आकडे लिहिले आणि घड्याळाकडे बघत राहिले. तेव्हा ती शिकणारी पोरच म्हणाली होती, "मामा, तुम्ही दवाखान्यात जा. नळ्या मी बसवते." तिने बसवल्या. घाईत, गार व्हायच्या आत. नळी गरम असताना घट्ट बसवली की टोकाची गोळी अडकते, हे वर्षानुवर्षं तिथे काम केलेल्यालाच ठाऊक. एका निळ्या पिंजऱ्याची गोळी अडकली. सोमवारी सकाळी तराजूवर ते कळलं. मामांनी बाटली बदलली, वहीत लिहिलं, आणि पोरीला आजतागायत सांगितलं नाही.

"त्या पानावर तिचं नाव आहे?" बायकोने विचारलं.

"नाव नाही. पण सर विचारणारच, नळ्या कोणी बसवल्या. मग मी सांगणार."

"तिच्या कागदावर सही व्हायचीय ना अजून?"

"मोठी झालीय ती आता. सोसेल."

"तुम्ही एकाला मारायला निघाला होतात."

"अगं, ते पान महत्त्वाचं आहे. तिथून पुढे मी रोज प्रत्येक नळीला बोट लावून थेंब बघितलाय. म्हणूनच तर माझं खरं ठरतं. ते पान काढता येत नाही, आणि ती चूक माझ्या अंगाला लागलेली मला चालायची नाही. नऊ वर्षं थांबलोय मी. मला स्वच्छ बाहेर पडायचंय."

"पडा," बायको म्हणाली. "माझ्या डोळ्यापायीच ती तिथे उभी होती, एवढंच म्हणते." आणि तिने यंत्रावरचं झाकण खाली घेतलं.

वाचनाच्या दिवशी धुण्याच्या खोलीची फरशी मामांनी स्वतः कोरडी केली. चार स्टुलांवर चार जण. त्यांतला एक निवृत्त झालेला होता, त्याला मुलाने हात धरून आणलं आणि मुलगा बाहेर जाऊन थांबला. पाचवं स्टूल रिकामं, तेही पुसून ठेवलेलं. मॅडम दाराशी उभ्या होत्या. सरांना बसायला मामांनी काही ठेवलं नव्हतं. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, मग ओट्याला टेकले आणि चश्मा लावला.

"दिवस पहिला. पिवळा एक, सत्तावीस ग्रॅम. पिवळा दोन, अठ्ठावीस. पिवळा तीन, सदतीस. हे काय, सात का एक?"

"एक, सर. एकतीस. त्या पिंजऱ्यातल्या थोरलीला तहान जास्त."

सर वाचत गेले. सुरुवातीला त्यांनी आवाजात थोडी गंमत ठेवली होती, मोठा माणूस लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवतो तशी. चौथ्या दिवसापर्यंत ती गेली. सातव्या दिवसाला त्यांनी दोन ओळींवरून घाईने नजर फिरवली, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "निळा दोन राहिला." सरांनी मागे जाऊन निळा दोन वाचला. मामांना अंगभर ऊन पडल्यासारखं वाटलं. नऊ वर्षांत इतकं सुख त्यांना झालं नव्हतं. नातवंड झालं तेव्हाही नाही, आणि हे लक्षात येऊन त्यांना थोडी लाजही वाटली. पण थोडीच.

तेराव्या दिवसाचं पान आलं.

"दिवस तेरावा. सोमवार. निळा तीन, बाटली फक्त एक ग्रॅम कमी. नळीतली गोळी अडकलेली. नळी गरम असताना बसवलेली." सर थांबले. त्यांनी चश्म्यावरून मामांकडे पाहिलं, आणि त्या नजरेत एकदम जीव आला. "म्हणजे पाणी तुटलं होतं."

"पुढे वाचा."

"वाचतो, वाचतो. पण हे महत्त्वाचं आहे. माझं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं तर." ते स्टुलांकडे वळले, जणू तिथे त्यांचेच साक्षीदार बसले होते. "रविवारी नळ्या कोणी बसवल्या?"

मॅडमचा हात दाराच्या मुठीवर होता. त्यांचा चेहरा मामांना दिसला. पोरीला आत्ता, या क्षणी, तो रविवार आठवत होता. भट्टीतून काढलेल्या नळ्या, फडक्यात धरलेल्या, आणि घाई. तिचं तोंड उघडलं.

नाव मामांच्या जिभेच्या टोकाशी होतं. फक्त जरा ढकललं, की थेंब सुटला असता. सर कोसळले असतेच, वर ती पोरही, आणि मामा एकटे धुतल्या काचेसारखे उरले असते.

नाव तिथेच अडकलं.

"खोली माझी होती," मामा घाईने म्हणाले, तिच्या आधी. "नळ्याही माझ्याच."

"म्हणजे चूक तुमची."

"एका पिंजऱ्याची. एका दिवसाची. माझी."

हे शब्द बाहेर पडताना मामांचे कान तापले. भट्टीवाल्याने मान खाली घातली. सर सरळ उभे राहिले, ओट्याचा आधार सोडून. तेवढ्यात मामांना जाणवलं की राग संपला नाहीये, तो तिथेच आहे, आणि आता त्याला एकच तोंड आहे.

"आता त्या निळ्या तीनचं पुढे काय झालं ते वाचा, सर. शेवटचं पान काढा. खालून दुसरी ओळ."

सरांनी पान काढलं. वाचलं, आधी मनात. मग मामा थांबूनच राहिले म्हणून मोठ्याने. "निळा तीन. सहाही जिवंत."

"तहानलेले जगले," मामा म्हणाले. "आता मागे या. तेराव्याला होतो आपण. खाली लिहिलंय, आजपासून प्रत्येक नळीला बोट लावून बघणार. तिथून वाचा. आता तुमचे पिवळे मरायला लागतील."

आणि सर वाचू लागले. "दिवस पंधरावा. पिवळा एक, थेंब आला. पिवळा दोन, थेंब आला. बावीस ग्रॅम. एक मेला." मग सोळावा, मग सतरावा. "थेंब आला. थेंब आला. चौदा ग्रॅम. बाटलीत पाणी आहे, पीत नाहीत. तीन मेले." एकोणिसाव्या दिवशी मामांनी लिहिलं होतं, 'बोटाने ओठाला पाणी लावलं, तोंड फिरवलं.' ते वाचताना सरांचा आवाज फाटला. पश्चात्तापाने की नुसत्या घशाने, ते मामांनी पाहिलं नाही. त्यांना फरक पडत नव्हता. विसावा. एकविसावा. थेंब आला, थेंब आला.

बाविसाव्याला सरांनी वही खाली घेतली. "जरा पाणी मिळेल?"

मामा नळाशी गेले. पेला काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी आणून सरांसमोर धरला.

"भरून आणलंय," ते म्हणाले. "हवं तर तोलून बघा."

भट्टीवाल्याच्या नाकातून आवाज निघाला. निवृत्त झालेला म्हातारा तर मोकळेपणी हसला. हे नऊ वर्षांपूर्वीचं दुसरं हसू, मामांनी ओळखलं. सर पाणी प्याले. पेला परत घेऊन मामा म्हणाले, "तेविसावा." अजून एकोणीस दिवस होते. ते त्यांनी सगळे वाचायला लावले.

सर गेले, स्टुलं उचलली गेली. मॅडम तिथेच राहिल्या.

"मामा, त्या रविवारी मी होते."

"ठाऊक आहे."

"इतकी वर्षं? मग आत्ता का नाही सांगितलंत?"

"माझं भांडण त्यांच्याशी होतं. तुमच्यावर रागवायला वेळच मिळाला नाही."

मॅडमनी खिशातून पेन काढलं आणि वही पुढे ओढली. तेरावं पान उघडून त्या लिहिणार, तोच मामांनी वही खसकन ओढून घेतली. त्यांच्या हाताला एवढा जोर असेल असं कोणाला वाटलं नसतं.

"यात आता कोणी लिहायचं नाही. नऊ वर्षांनी लिहिलेल्या अक्षराला कोण खरं मानतं? एक ओळ नवी दिसली की सगळी वही घरी बसून लिहिलेली ठरेल."

"मग माझी चूक तुमच्याच नावावर राहणार."

"राहू दे. एकच ग्रॅम आहे." मग कुरकुरत: "नळ्या गार झाल्याशिवाय बसवू नका, एवढं करा."

फलकावरच्या कागदासाठी मामांनी सरांना चार दिवस फिरवलं. पहिला मजकूर आला त्यात 'तत्कालीन परिस्थितीचा पुनर्विचार करता' असं होतं. मामांनी तो परत पाठवला. दुसऱ्यात 'काही गैरसमज' होते. तोही परत. तिसऱ्यात अकारण मामांच्या सचोटीची स्तुती होती. मामांनी वर निरोप दिला, स्तुती नको, पाणी लिहा. चौथा कागद लागला: पिवळ्या उंदरांना पाणी मिळत होतं. ते न तपासता कारवाई केली, ही माझी चूक. खाली सही. मामांनी चार टाचण्या घरून आणल्या होत्या. कागद वाकडा लागला होता, तो काढून त्यांनी पुन्हा सरळ लावला. मॅडमच्या शिफारशीवर सरांनी त्याच आठवड्यात सही केली. तीन मजले चढून वर जाताना त्यांना फलक दिवसातून दोनदा ओलांडावा लागे, आणि कोणाशीच जास्त बोलायची त्यांची इच्छा उरली नव्हती.

त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. "झालं समाधान?"

"पंधरा दिवस राहील तो कागद. मग तो माणूस जाईल. मग माझा एक महिना. त्या महिन्यात त्याची भांडी नसणार."

"आणि पोरीचं नाव?"

"घेतलं नाही."

"म्हणजे चूक तुमच्याच अंगाला चिकटली. मग राहिलंच की थोडं मनात."

मामा घासाकडे बघत राहिले. राहिलं होतं. पूर्वीसारखं जाळत नव्हतं, पण होतं. बोट लावलं तर कळेल एवढं.

"राहिलंय," ते म्हणाले, आणि ताट पुढे ओढलं. "भाजी वाढ अजून. भूक लागलीय."

बऱ्याच दिवसांनी ते जेवले, कोणाला न चावता. वर पेलाभर पाणीही प्याले. बायकोने त्यांचा रिकामा पेला उचलला, हातात जरासा तोलल्यासारखा केला, आणि पुन्हा भरून ठेवला.